बाजूची सीट

असल्या गोष्टींना रात्र लागते असं म्हणणाऱ्यांनी वऱ्हाडातली दुपार पाहिलेली नसते. भर बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गोळा होऊन बसते, आणि दूर कुठे मोटारपंप चालू असला तर त्याचा आवाज छातीत ऐकू येतो. रूपालीच्या बाबतीत जे झालं ते अशाच एका दुपारी झालं.

सकाळ मात्र साधी होती. पंजाबरावांना नवी गाडी अकोल्याच्या शोरूमला दाखवायची होती. ही तिसरी खेप. त्यांनी अंगणातूनच हाक मारली.

"रुपे, चाल. बाजूले बस."

"बाबा, माही शाळा हाय ना."

"तू बसली का गाडी गप राह्यते. चाल लवकर."

ते खरं होतं. गाडीला दोन आठवड्यांपासून एक खोड लागली होती. पंजाबराव एकटे निघाले की समोर पट्टा न लावल्याचा लाल दिवा पेटायचा आणि टिंग… टिंग… सुरू व्हायचं. त्यांचा स्वतःचा पट्टा लावलेला असायचा. दिवा बाजूच्या सीटचा होता, आणि बाजूची सीट रिकामी असायची.

आधी त्यांना वाटलं, सीटवर बॅग ठेवतो म्हणून असेल. बॅग मागे टाकली. मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. अकोटातून पट्ट्याच्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप आणली आणि दिली खोचून. माणूस बांधायचा नाही, पण बांधला आहे असं गाडीला सांगायचं. गाडी एक दिवस गप्प बसली. दुसऱ्या दिवशी क्लिप खाली पायपुसणीवर पडलेली होती. पुन्हा खोचली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी त्यांनी ती हातोडीनं ठोकून बसवली, आणि संध्याकाळी ती मागच्या सीटखाली सापडली.

रूपालीनं बसून पट्टा लावला की मात्र आवाज बंद. म्हणून तिला अकोटला न्यायचं, दर्यापूरला न्यायचं, कुणाच्या साक्षगंधालाही न्यायचं. रूपाली पंधरा वर्षांची, चार माणसांत तोंड न उघडणारी पोर. ती दाराला खेटून, सीटच्या कडेवर बसायची. सीटवरचं प्लास्टिक पंजाबरावांनी अजून काढू दिलं नव्हतं, त्यामुळे जरा हललं की ते करकरायचं. कधी कधी ती हलायची नाही, तरी करकरायचं.

आणि वास यायचा. सडक्या लसणासारखा. बाबांना तो येत नसे. तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "नव्या गाडीले वास राह्यतेच."

त्या दिवशी देवमनला जाऊन बरोबर महिना होत होता. रूपालीच्या ते लक्षात होतं. पंजाबरावांच्या नव्हतं, किंवा असलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

देवमन म्हणजे फवारणीवाला. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या वावरात रोजानं औषध मारणारा. पंजाबरावांचं कृषी केंद्र चोहोट्ट्याच्या अलीकडे फाट्यावर होतं. बोंडअळी आली की तिथं गर्दी व्हायची. त्या साली गावात कोणाच्या घरी नवं काही आलं नाही, पंजाबरावांच्या दारात मात्र दसऱ्याला गाडी आली. अळी जेवढी माजते, तेवढं औषध खपतं. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण गाडीच्या टपावर पडलेली झेंडूची फुलं सगळ्यांनी पाहिली होती.

गाडीला चार दिवस झाले होते. ऑक्टोबरची बारा तारीख, दुपारचे बारा चाळीस. रूपाली दुकानामागच्या बोळीत गाडीत बसली होती. तिनं गुपचूप गाडी चालू करून एसी लावला होता आणि भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून डोळे मिटले होते. तेवढ्यात पुढून बाईचा आवाज आला. तिनं घाईनं गाडी बंद केली आणि मागच्या दारानं दुकानात आली.

ओट्यावर देवमन बसवलेला होता. सदरा औषधानं भिजून अंगाला चिकटलेला, तोंडातून फेस, सगळं अंग घामानं निथळत होतं. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. त्याची बायको शकुन त्याला मागून धरून उभी होती.

"दादा, यायले गाडीत घालून अकोल्याले चाला. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली म्हंतात. पाया पडतो दादा, चाला."

पंजाबरावांनी देवमनच्या सदऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्याला उलटी झाली. पंजाबरावांचे पाय दोन पावलं मागे आले.

"गाडी बंद हाय, शकुन. सॉफ्टवेअरचा लोचा झाला. सेन्सर लॉक हाय, चालूच नाई होऊन राह्यली."

शकुननं देवमनला भिंतीला टेकवलं. मग दारात उभ्या रूपालीकडे वळली. पुढे येऊन तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"पोरी, खरं काय वं?"

रूपालीनं बाबांकडे पाहिलं. ते कॅलेंडरकडे पाहत होते. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही अडखळणारी रूपाली तेव्हा मुळीच अडखळली नाही.

"हो काकू. बंद हाय."

नईमची काळी-पिवळी येईपर्यंत पाऊण तास गेला. जीपचं एक दार सुतळीनं बांधलेलं होतं. त्यानं सगळ्या सवाऱ्या उतरवल्या आणि देवमनला पुढे आपल्या बाजूला बसवलं. खोदून ठेवलेल्या रस्त्यानं त्यानं जीप जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. गांधीग्रामच्या पुलावर देवमननं मान टाकली. नईमनं नंतर फाट्यावर सांगितलं, "पट्टा असता तर बांधला असता बिचाऱ्याले. सारा अंगावर येऊन राह्यला होता."

या तिसऱ्या खेपेला शोरूममध्ये कुंदन नावाचा पोरगेलासा इंजिनिअर होता. त्यानं लॅपटॉपची वायर गाडीला जोडली आणि बराच वेळ पाहत बसला. रूपाली बाहेर काचेशी उभी होती.

"काका, सेन्सर चांगला हाय. मागच्या खेपेले बदललाच होता ना आपण."

"मंग काहून वाजते?"

"सीटवर वजन हाय म्हंते गाडी."

"आता?"

कुंदननं सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. त्यानं खालचं एक बटण दाबलं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे पाहा, एक फॉल्ट हाय वाटते जुना. बारा तारीख, बारा चाळीस. इंजिन स्टार्ट होत नाही, लॉक… असं दाखवते."

पंजाबराव खुर्चीवरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर महिनाभरात प्रथमच रक्त आलं.

"बारा तारीख? दुपारी?"

"हो."

"पाय रुपे, पाय. बंदच होती गाडी. म्या का खोटं बोललो?" मग कुंदनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मले कागदावर काढून दे बापा. शिक्का मार. गावात लोकं तोंडावर नाई बोलत, पण पाठीमागं बोलतात."

प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला. रूपाली काचेपासून मागे सरली. बारा चाळीसला ती स्वतः त्या गाडीत बसली होती. एसीची हवा तिच्या तोंडावर येत होती. गाडीला हे ठाऊक असायला हवं होतं. मग गाडी बाबांचं खोटं आपल्या नावावर का घेत होती?

परतीला पंजाबराव गुणगुणत होते. कागद त्यांनी घडी न घालता समोर काचेखाली ठेवला होता. दोन्ही बाजूंना अवकाळीनं काळी पडलेली कपाशी उभी होती, वेचायला कोणी नव्हतं. रस्त्यावर एकही वाहन नाही. वास वाढला होता. रूपालीनं खिडकीची काच खाली करायला बटण दाबलं, काच हलली नाही.

गांधीग्रामच्या पुलावर गाडी चढली आणि मधोमध आल्यावर बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. जीव गेल्यासारखी.

पंजाबरावांनी तीन-चारदा चावी फिरवली, मग बॉनेट उघडायला उतरले. चावी तशीच राहिली. त्यांनी दार लावलं, आणि चारही दारांतून एकदमच आवाज आला… खट्.

एसी बंद, काचा बंद. खाली पूर्णेचं पाणी ऊन परतवत होतं. रूपालीनं पट्ट्याचं बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. पट्टा निघेना. उलट तो सावकाश आवळत होता, कुणीतरी काळजीनं नीट बांधून द्यावं तसा. सगळे दिवे गेलेले असताना समोर एकच लाल दिवा पेटला. पट्टा न लावल्याचा. तिचा पट्टा लावलेला होता.

टिंग… टिंग… टिंग…

तिच्या डाव्या हाताला दार होतं. उजव्या हाताला, सीटचा जो थोडा भाग ती रोज मोकळा सोडायची, तिथलं प्लास्टिक करकरलं. मग तिच्या दंडाला ओलसर काहीतरी टेकलं. तिनं मान वळवली नाही. घड्याळावर आकडे दिसत होते. बारा चाळीस.

"बाबा…"

बाहेर पंजाबराव काच ठोकत होते. त्यांचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं. त्यांनी पुलाच्या कडेचा एक दगड उचलला, दोन्ही हातांनी वर नेला. आणि थांबले. त्यांनी काचेकडे पाहिलं. दगडाकडे पाहिलं. रूपालीनं ती नजर आधी एकदा पाहिली होती, देवमनच्या सदऱ्यावर.

"थांब रुपे," त्यांनी दगड खाली ठेवला. "कुंदनले फोन लावतो. फोडाची गरज नाई पडणार… दोन मिनिटं."

फोन लागत नव्हता. रूपालीला श्वास पुरत नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्या घामालाही लसणाचा वास होता. तिला वाटलं, पाऊण तास म्हणजे किती असतो ते आता आपल्याला कळणार.

अकोल्याकडून नईमची काळी-पिवळी आली. सवाऱ्या उतरल्या. त्यांत शकुन होती. देवमनच्या कागदांसाठी अकोल्याला तिच्या चकरा चालल्या होत्या.

"काय झालं पंजाबभाऊ?" नईमनं दार ओढून पाहिलं. "पोरगी अंदर हाय ना."

"गाडी बंद पडली. सॉफ्टवेअरचा लोचा… सेन्सर लॉक झाला…"

बोलता बोलता त्यांचे शब्द त्यांच्याच कानांवर पडले असावेत.  नईम काच फोडायला लोखंडी टामी आणायला जीपकडे पळाला. शकुन पुढे आली. तिनं दोन्ही तळवे काचेला लावून आत पाहिलं. आधी रूपालीकडे. मग रूपालीच्या शेजारी. तिथं ती बराच वेळ पाहत राहिली, आणि तिचा चेहरा मऊ झाला. मग तिनं हळूच विचारलं,

"पोरी, खरं काय वं?"

रूपालीचे ओठ कोरडे पडले होते. या खेपेला ती अडखळली.

"काकू… त्या दिवशी… गाडी चालू होती. मी आतच बसली होती… एसी लावून."

खट्.

पट्टा आपोआप सुटला. दार उघडलं. रूपाली शकुनच्या अंगावर पडली. शकुननं तिला धरलं, पण जवळ घेतलं नाही. तिच्या पदरालाही तोच वास होता, महिनाभर धुऊनही न गेलेला.

"मले मालूम होतं," शकुन म्हणाली. "अशा उन्हात तुहा हात थंडगार होता त्या दिवशी."

एवढं बोलून ती जीपमध्ये जाऊन बसली. पंजाबराव सवाऱ्यांना सांगत होते, "भेली हाय पोरगी. काही बी बरळून राह्यली." सवाऱ्या शकुनच्या मागोमाग जीपमध्ये चढल्या. त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. रूपाली त्यांच्यासोबत गेली नाही. ती नईमच्या जीपमध्ये मागे उभी राहून घरी आली.

त्यानंतर गाडी पुन्हा वाजली नाही. पंजाबराव एकटेच फिरायला लागले. तो शिक्क्याचा कागद त्यांनी लॅमिनेशन करून दुकानात गल्ल्याच्या वर टांगला, औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी. फवारणीला औषध न्यायला आलेली माणसं त्याच्याकडे पाहायची, शिक्का पाहायची आणि मान हलवायची. काहींना ते पटलंही. रूपाली बोलली होती ते हळूहळू लोक विसरले. कागद मात्र भिंतीवर होता.

कागद इंग्रजीत होता. तो पूर्ण कोणी वाचला नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला, बाबा जेवायला घरी गेलेले असताना, रूपाली स्टुलावर चढली.

सगळ्यात वर कागद छापल्याची वेळ होती. बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा दहा. खाली फॉल्टची ओळ. बारा तारीख, बारा चाळीस, हे कुंदननं बरोबर वाचलं होतं. पण महिना ऑक्टोबर नव्हता. महिना नोव्हेंबर होता. पुलावर गाडी बंद पडली ती वेळ, ती बंद पडायच्या दीड तास आधी छापलेली. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं : सीट, बाजूची.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. कुंदनच्या शिक्क्याची शाई तिच्यावर आल्यामुळे ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती. रूपालीनं लॅमिनेशनवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

बारा डिसेंबर. बारा चाळीस. सीट, चालकाची.

बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. पंजाबराव आत आले, तिला स्टुलावर पाहून हसले.

"वाचला का नीट? पटलं ना आता?"

रूपालीनं त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा न लावताच कागदाकडे पाहिलं, आणि शिक्क्यावर बोट ठोकलं.

"गाडी बंद होती म्हणून लिहून देल्लं हाय त्याहीनं," ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीनं कपाळावरचा घाम पुसला. डिसेंबरचा गारठा होता. रूपाली त्यांच्या अगदी जवळ उभी होती, आणि तिनं पाहिलं की त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या.