मिस्तरीला उजेड कुणी धरला

काम अगदी साधं होतं. माझ्या गाडीची क्लच केबल तुटली होती आणि ती बदलायला कुणीतरी इथे, या तळ्यापर्यंत यायला हवं होतं. बस्स, एवढंच. गोष्ट तिथून सुरू झाली म्हणून मीही तिथूनच सांगतो. आणि मध्येच टॉर्च लावून एकमेकांची तोंडं उजळू नका. भीती वाटली तर गप्प बसायचं.

चार वर्षं झाली. नोव्हेंबरची सतरा तारीख, बुधवार. मी फोन केला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तुमच्यासारखाच आमचाही घोळका होता तेव्हा. लोकांना वाटायचं, यांना गाड्यांचं वेड आहे. गाडी हे निमित्त. स्टँडवर लावली की प्रत्येकाचं वेड वेगळं. मी गळ टाकून बसायचो. एक जण दुर्बीण घेऊन यायचा. त्याला शनीची कडी दिसायची, पण पायापुढचा खड्डा दिसायचा नाही. एक जण दगड गोळा करायचा. त्याला आम्ही दगडोबा म्हणायचो. परत जाताना त्याची गाडी म्हातारीसारखी कण्हायची. आणि एक मुलगी होती, ती रातवा शोधायची. पहाटे अंधारात रस्त्यावर बसणारा पक्षी, रंग मातीचा, डोळे चमकले तरच कळतो की आहे. म्हणून तिचंच नाव आम्ही रातवी पाडलं होतं.

रातवी ही मिस्तरीची मुलगी. आमच्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्याच हाताखालून जायच्या. पुढच्या खोलीत गॅरेज, मागच्या दोन खोल्यांत घर. बायको शाळेत शिकवायची. मी तिला वहिनी म्हणायचो. मुलगी एकुलती एक.

आता उजेड धरणं हे तुम्हाला काम वाटत नाही. संध्याकाळी तू माझ्या गाडीवर उजेड धरला होतास ना? अर्धा वेळ तो माझ्या टकलावर होता. हसू नका, सगळेच तसा धरतात. हात जिथे आहे तिथे उजेड पाडून उपयोग नसतो. हात जिथे जाणार आहे, तिथे तो आधी पोचायला हवा. रातवी सात वर्षांची असल्यापासून बापाला तसा उजेड धरायची. मागे उभी राहून, त्याच्या डाव्या खांद्यावरून. मिस्तरी म्हणायचा, "मी पाना उचलायच्या आधी हिला कळतं, कुठला नट."

मिस्तरीची एक पद्धत होती. नट आधी हातानं फिरवून बसवायचा, मग पान्यानं जीव लावून आवळायचा, आणि मग त्याच्यावरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रातवी गाडी काढण्यापूर्वी रोज गुडघ्यावर बसून त्या रेघा बघायची. रेघ सरळ म्हणजे बाबांनी आवळलाय. बाबांनी आवळला म्हणजे विषय संपला.

पुढचं मला मिस्तरीनं नंतर सांगितलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर त्या रात्रीचं काही कळायचं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरच्याच सोळा तारखेला संध्याकाळी, तो तिच्या गाडीला पुढचं नवं टायर घालत होता. आणि दोघांचं वाजलं. तिला दूरवरच्या पाणथळीत पक्षी मोजायचं काम मिळालं होतं. तीन महिन्यांचं.

"आणि गॅरेज?" तो म्हणाला.

"गॅरेज काय पळून जाणार आहे का, बाबा?"

"तू जाणारेस ना. तेवढं पुरे."

"तुम्हीच म्हणता, गाडी उभी राहिली की बिघडते."

 तो चिडला. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून खाली मान घालून चाक बसवत राहिला. नट हातानं फिरवला. पाना हाताशी नव्हता, रंगाची बाटली होती. त्यानं रेघ ओढून टाकली. आधी रेघ. आवळू नंतर, असं मनात म्हणाला. तेवढ्यात वहिनीनं जेवायला हाक मारली, आणि तो हात पुसून आत गेला.

पहाटे साडेचारला रातवी नेहमीसारखी रातवा शोधायला उठली. बाप झोपलेला. तिनं गुडघ्यावर बसून रेघ पाहिली. सरळ होती.

तळ्याच्या अलीकडच्या वळणावर पुढचं चाक निघालं.

सगळे म्हणाले, वेगात असेल. पोलिसांच्या कागदावरही वेगच आला. मुलगा पडला की रस्त्याला दोष, मुलगी पडली की वेगाला. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण मी तोंड उघडलं नाही. आम्ही कुणीच उघडलं नाही. मिस्तरी एकटाच त्या वळणावर गेला, गवत चाळलं, आणि त्याला नट सापडला. नटाच्या आतले आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, शाबूत होते. तुटून निघालेल्या नटाचे आटे असे राहत नाहीत. फिरत फिरत सुटून आलेला नट होता तो. त्यानं तो तळ्यात फेकला.

आणि घरी सांगितलं, नट सापडला नाही.

वहिनी मात्र बोलायची. "तिला घाई नडली," असं येईल त्याला सांगायची. शेवटी शेवटी तर रडायचीही नाही. मेलेल्या मुलीवर तिनं राग धरला होता. न सांगता गेली, वेगात गेली, माझा विचार केला नाही. मिस्तरी समोर बसून हे ऐकायचा. रोज. खरं सांगितलं असतं तर तिला तिची मुलगी परत मिळाली असती, आणि याची बायको गेली असती. म्हणून तो ऐकत राहिला. वर्षभर.

तर सतरा तारीख. मी तळ्यावर एकटाच मासे धरायला आलो होतो, आणि केबल तुटली. मी फोन लावला.

"मिस्तरी, क्लच केबल गेली. तळ्यावर अडकलोय."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या कुणाला सांग."

"आता या वेळी दुसरा कोण येणार, सांग बरं."

"...वळणाच्या अलीकडे आहेस, का पलीकडे?"

"पलीकडे."

"बरं. येतो."

तारीख माझ्या लक्षात नव्हती. खरंच नव्हती. लक्षात असायला हवी होती.

तो सव्वादहानंतर निघाला. गावापासून वळण पाच किलोमीटर, आणि तिथून तळं चार. वर्षभरात तो या रस्त्यावर आला नव्हता. वळणाच्या तोंडाशी त्याच्या गाडीची चेन उतरली. मिस्तरीच्या गाडीची. तुमच्या-माझ्या गाड्यांकडे बघता बघता स्वतःच्या गाडीची चेन ताणायची राहून गेली होती.

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं.

त्यानं गाडी कडेला घेतली. मोबाइलची बॅटरी लावून तो दातांत धरला. मागच्या चाकाचा नट सैल केला, चेन चढवली, चाक मागे ओढलं. आजूबाजूला काहीही नाही. वारा नाही. किडेसुद्धा ओरडत नव्हते. मोबाइल दातांतून निसटला आणि खाली पडून विझला. तो चाचपडू लागला.

आणि उजेड आला.

मागून. डाव्या खांद्यावरून.

त्याला वाटलं, कुणी गाडीवाला थांबला असेल. गाडी थांबल्याचा आवाज आला नव्हता, पण कामात असला की मिस्तरीला ऐकू येत नसे. "उपकार झाले हो," तो मान न वळवता म्हणाला.



तो काम करत राहिला. त्यानं डावीकडचा पाना शोधायला हात पुढे केला. उजेड पान्यावर होता. आधीच. तो चेनकडे वळला. उजेड चेनवर. त्याच्या हाताची सावली कुठेही पडत नव्हती.

त्याचे हात थांबले.

असा उजेड त्याला आयुष्यात एकाच माणसानं धरला होता.

मागे वळावं... वळला नाही. मला म्हणाला, "वळलो असतो आणि कुणी नसतं तर? मला ते नको होतं." श्वास ऐकू येतो का, म्हणून त्यानं स्वतःचा श्वास रोखला.

काही नाही.

 त्यानं नट हातानं फिरवला. पान्यानं आवळला, असं त्याला वाटलं. मग तो म्हणाला, "झालं."

उजेड हलला नाही.

नटावरच.

"झालं म्हटलं ना..."

हलला नाही.

त्यानं पुन्हा पाना लावला. जरासा जोर दिला. नट फिरला. अर्धा फेरा... मग अजून अर्धा. आवळलाच नव्हता. डोळ्यांतल्या पाण्यात त्याला कळलंच नव्हतं. वर्षभरानंतर, त्याच वळणावर, पुन्हा तेच.

त्यानं आवळला. सगळा जीव लावून. पाना हातातून सुटेपर्यंत.

मग उजेड हळूच दुसऱ्या बाजूला गेला. तिथला नट तपासायला.

तोही त्यानं आवळला.

मग तो तसाच गुडघ्यावर बसून बोलला. जमिनीकडे बघत. "रेघ मी आधी ओढली होती. तुला कळलं होतं का? पडताना... तुला कळलं का, की मी..."

शांतता.

"तुझी आई तुला बोलते. मी बोलू देतो."

शांतता.

"काहीतरी बोल ग."

उजेड विझला.

बस्स. पावलं नाहीत. गाडी नाही. काही नाही.

मी इथे वाट बघून, शिव्या देऊन, शेवटी माशांच्या पिशवीवर डोकं टेकून झोपलो. फोन लागत नव्हता. पावणेपाचला उठून चालायला लागलो. वळणावर तो दिसला. गाडी नीट उभी केलेली, आणि हा शेजारी मातीत बसलेला. धुकं इतकं की सगळं ओलं. त्याच्या केसांतून थेंब गळत होते.

"गाडी चालू होत नाही का?"

"होते."

"मग?"

"ढकलत नेऊ."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी मागून जोर लावायला सीटला हात घालणार, तर तो म्हणाला, "मागे हात नको लावू. पुढून धर." मी पुढून धरलं. दोघे एका बाजूनं, हँडल धरून, सावकाश. पाच किलोमीटर. तेवढ्या वाटेत त्यानं मला हे सगळं सांगितलं. एकदाही रडला नाही. फक्त खड्डा आला की म्हणायचा, "हळू."

सात वाजता घरी पोचलो. ऊन नव्हतं, धुकं तसंच. वहिनी पायरीवर उभी होती. रात्रभर उभी असावी.

"अहो, कुठे होतात? फोन तरी..."

"ती वेगात नव्हती," मिस्तरी म्हणाला.

वहिनीनं हातातला फोन खाली घेतला.

"नट मी आवळला नव्हता. रेघ आधी ओढली, आणि जेवायला आत आलो. तिनं रेघ बघितली आणि गाडी काढली."

"...नट सापडला नव्हता म्हणालात."

"सापडला होता."

"कुठाय?"

"तळ्यात. मी फेकला."

मी तिथे नको होतो. पण गाडीचं हँडल अजून माझ्याच हातात होतं. वहिनीनं पायरीच्या कठड्याला धरलं.  मग एकदम म्हणाली, "वर्षभर मी तिला काय काय बोलले... आणि तुम्ही समोर बसून ऐकलंत."

 

ती पायऱ्या उतरून आली. मला वाटलं, आता त्याच्या अंगावर हात टाकणार. टाकला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती त्याच्या शेजारून पुढे गेली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीपाशी थांबली.

गाडी दवानं भिजली होती. टाकीवर थेंब, आरशांवर थेंब, हँडलवर, चालवणाऱ्याच्या सीटवर. सगळीकडे. आणि मागची सीट कोरडी होती.

पुसल्यासारखी नाही. पुसलं की फराटे दिसतात. एक माणूस बसेल एवढीच जागा, कडा स्वच्छ, आणि त्याच्या बाहेर पुन्हा थेंबच थेंब.

वहिनीनं तिथे तळहात ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "वाटेत यावर कुणी बसलं होतं?"

"नाही, वहिनी. ढकलतच आणली."

तिनं डोळे मिटले.

"गरम आहे," ती म्हणाली.

मिस्तरी पायरीपाशीच उभा होता. तिनं त्याला बोलावलं नाही. आणि हात काही उचलला नाही.