चुकीच्या टेबलावरची बाटली

ती मद्यस्पर्धेच्या हॉलमध्ये शिरली आणि जागच्या जागी थबकली. बाबांची बाटली... गोड लिक्युअरच्या टेबलावर!

"ही इथे कोणी ठेवली?"

"मी." स्पर्धेच्या नोंदणीवाल्याने यादीतून मान वर केली. बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. "बडीशेपेसारखा वास आला. म्हटलं, गोडच असणार."

"वासावरून? अहो, ही अ‍ॅनिसची, म्हणजे विलायती बडीशेपेची दारू. साखरेचा कण नाही हिच्यात! भरपूर साखर घातली, की लिक्युअर."

"म्हणजे अ‍ॅनिसची लिक्युअर नसतेच?"

"असते की! ती शेजारची बघा. दोघींचं माहेर एक, सासर वेगळं."

तो हसला. तिला राग धरून ठेवायचा होता, पण ते हसू... छे!

"चाखू?" म्हणत त्याने पेल्यात थोडी ओतून घोट घेतलाही, आणि डोळ्यांत टचकन पाणी. "आई गं!"

"पाणी घालायचं असतं हो!" तिने जग उचलला. पाण्यासारखी नितळ दारू बघता बघता दुधाळ झाली. तो पेल्याकडे बघत राहिला... मग तिच्याकडे. तिचे कान तापले.

अचानक त्याने घड्याळ पाहिलं. "बिनसाखरेच्या गटाचं परीक्षण — पाच मिनिटांत! पलीकडच्या इमारतीत!"

तीस वर्षं भट्टी चालवून बाबांनी पहिल्यांदाच बाटली पाठवली होती. गोड गटात त्या बाटलीला कोण विचारणार?

"पळा!" त्याने बाटली छातीशी धरली, तिने अर्ज. जिना, अंगण, पुन्हा जिना. पायरीवर ती अडखळली, तेव्हा त्याने हात धरला... आणि वर पोचेपर्यंत सोडलाच नाही.

बाटली चुकीच्या गटात गेल्याचं ऐकून मुख्य परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चूक कोणाची?"

"माझी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "न विचारता मीच गट ठरवला."

बाईंनी बाटली ठेवून घेतली.

दुपारी निकाल लागला. दुसरा क्रमांक! तिने लगेच फोन लावून सांगितलं. बाबा म्हणाले, "पहिल्या नंबरवाल्याने दारूत काय घातलं होतं गं?"

ती खळखळून हसली. वळली, तर तो उभा.

"उद्या तुमच्या भट्टीवर येऊ? बाबांची माफी मागायचीय."

"एवढंच?"

"नाही..." त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "तुम्हालाही भेटायचंय. खरं तर — तुम्हालाच."

तिने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"दहाला ये," ती म्हणाली. तोंडून 'ये' निसटलं होतं. तिने ते परत घेतलं नाही.