परत बोललेलं माप

“सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट…”

तळघरात आवाज घुमतो म्हणून पंकजा पाढे तिथं जाऊन म्हणायची. वर चुलीपुढं बसलेल्या रंगुबाईच्या पायाखालून तो आवाज यायचा. जणू भुईच शाळा शिकत होती. त्याला आता चौदा वर्षं झाली.

यंदाही दसरा सरला आणि पाथर्डीच्या अलीकडची ती वस्ती रिकामी झाली. दारांना कुलपं घालून माणसं ऊसतोडीला गेली. सहादेव आणि रंगुबाई हे नवराबायको तेवढे मागं राहिले. त्या सालानंतर दोघांनी कोयता धरला नव्हता.

त्या साली सहादेव बैलं घेऊन सकाळच्या गाडीनं पुढं गेला होता. रंगुबाई दिवस कलल्यावर दुसऱ्या गाडीत बसली. तिला वाटलं, लेक बापासंगं गेली. सहादेवनं नंतर सगळ्यांना सांगितलं, त्याला वाटलं ती आईसंगं येतेय. मागची गाडी वाटेत बिघडली, चौथ्या दिवशी उसाच्या फडावर पोचली, तेव्हा कळलं की नऊ वर्षांची पंकजा कुठल्याच गाडीत नव्हती. शाळा बुडू नये म्हणून ती तळघरात लपली होती. आणि तळघराच्या दोन्ही खिडक्या सहादेवनं निघायच्या आधी शेणमातीनं बाहेरून लिंपल्या होत्या. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून सगळेच लिंपतात. दोघं माघारी येईपर्यंत उशीर झाला होता.

आता त्या खिडक्यांच्या चौकटी वाळवीनं खाल्ल्या होत्या. सहादेव म्हणत होता, विटा लावून बुजवून टाकू. रंगुबाईनं चौदा वर्षांत नवऱ्यापाशी काही मागितलं नव्हतं. एवढंच मागितलं, की खिडक्या राहू द्यायच्या, आणि त्या आतून उघडल्या पाहिजेत. दोन दिवस घरात त्यावरून अबोला होता. मग तिनंच पाथर्डीहून कानिफनाथला बोलावलं. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या करायचा.

त्यानं ओट्यावर नमुने मांडले. एकात काच पक्की बसवलेली, एकाची काच सरकती, एकाची झडप बाहेर उघडणारी. रंगुबाईनं प्रत्येक नमुना करंगळीनं ढकलून पाहिला. सरकती काच अडली. झडप मात्र हलकेच निघाली.

“मामी, हाताला वात हाय का?” कानिफनाथ म्हणाला. “करंगळीनं उघडणारी खिडकी कोनाला लागती?”

 झडप मिटत ती ओठातल्या ओठात गुणगुणली:

लेकीचा गं जलम, जसा खिडकीचा उजेड
दिस मावळून गेला, मागं राह्यलं कवाड

कानिफनाथ घरामागं जाऊन मापाला बसला. खिडक्या बाहेरून भुईलगत होत्या, आतून मात्र डोक्याच्या वर. मापाला दोन माणसं लागतात, एक मोजणारा आणि एक परत बोलणारा. परत बोलल्याशिवाय माप खरं धरायचं नाही, ही त्याच्या धंद्याची शिस्त. त्याचा जोडीदार आज नव्हता. त्यानं रंगुबाईला आत तळघरात उभं राहायला सांगितलं आणि ती गेली असं धरून टेप लावला. उन्हानं लिंपणाची जुनी खपली निघत होती.

“रुंदी तीस इंच, दोन सूत.”

“तीस इंच, दोन सूत,” आतून आलं.

त्यानं वहीत लिहिलं. टेप उभा लावला.

“उंची अठरा.”

“सतरा.”

तो हसला. “मामी, टेप माझ्या हातात हाय,” म्हणाला. तरी वाकून पुन्हा बघितलं. टेपचं टोक मातीच्या ढेकळावर बसलं होतं. ढेकूळ काढलं. सतरा भरली.

“बरोबर हाय की,” म्हणून त्यानं मान वळवली.

रंगुबाई त्याच्या पाठीमागंच उभी होती. हातात त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या. तिच्या बाजूला सहादेव.

“आत कोन हाय?” कानिफनाथनं विचारलं.

 तांब्यातलं पाणी काठावरून ओघळत तिच्या पायावर पडत होतं.

“बुजवूनच टाक,” सहादेव म्हणाला.  “माप नको घेऊस. विटा लाव.”

आतून हे कुणी परत बोललं नाही.

रंगुबाईनं तांब्या खाली ठेवला. ती भुईवर बसली, वाकली, खिडकीच्या कुजक्या चौकटीला गाल लावला. आतून गार हवा येत होती, आणि ओल्या शेणमातीचा वास. पाऊस उलटून महिना झाला होता.

“पंके,” ती म्हणाली, जेवायला हाक मारावी तशी. “कशी करू गं खिडकी?”



आतून उत्तर आलं. तोच आवाज, नऊ वर्षांचा. जराही न वाढलेला.

“आबा म्हनतील तशी.”

कानिफनाथनं टेप गुंडाळला नाही. तसाच टाकून तो रस्त्याकडं चालू लागला.

रंगुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.  सहादेव तिच्याशेजारी बसला, पण खिडकीकडं पाठ करून.

“लिंपताना ती मला आत दिसली हुती, रंगे.”

तो भुईकडं बघत बोलत राहिला.

“म्हनली, आबा, मला शाळंत जायचंय, आईला सांगू नका. मी व्हय म्हनलो. म्हनलो, आई गेली की परसाच्या दारानं नीघ, शेजारी आक्काबाईकडं राहा. आक्काबाईला सांगून जायचं गडबडीत राह्यलं.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “तुला सांगितलं असतं, तर तू तिला संगं नेलं असतंस.”

रंगुबाईचा गाल अजून चौकटीलाच होता.

“परसाचं दार मी उघडं ठिवलं हुतं,” सहादेव म्हणाला. “जाताना तू त्याला कुलूप घालशील, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”