खांबावरची तार

पटो न पटो, हे घडलेलं आहे. जळकोटला, उज्वलाच्या घरी, गेल्या चैत्रात. आणि रात्री नाही...

सकाळी साडेनऊला. लख्ख उन्हात.

उज्वलाचा नवरा बालाजी शाळेत मास्तर. त्याला एकच नाद. गच्चीवर अँटेना उभा करायचा आणि डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाकडून ढगांचे फोटो उतरवून घ्यायचे. या खेपेला त्याने शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, पडलेली विजेच्या लाइनची जाड तार आणली आणि तिचाच अँटेना केला.

"मामांना विचारलं का?" बाळाला भरवता भरवता उज्वला म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, बालाजीचे दादा.

"भंगार तर हाय. दादा काय तिची पूजा करून राहिलेत?"

उपग्रह आला. रेडिओतून टिकटिक सुरू झाली.

मग टिकटिक थांबली...

"मालक, लाइन बंद हाय ना?"

बाळाने तोंडातला घास तसाच धरून ठेवला.

बालाजी हसला. "कुणाचा तरी वॉकीटॉकी घुसला."

दुसऱ्या दिवशी तेच. तोच आवाज, जरासा कानडी हेल.

तिसऱ्या दिवशी सासरे, अमृतराव, चहा पीत दारात उभे होते. बशी हातातच कलंडली.

"ही तार कुठली रं?"

"आखाड्यावरची."

बालाजी शाळेला गेल्यावर ते सुनेजवळ येऊन बसले. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मडिवाळप्पा नावाचा सालगडी होता. मोटार बंद पडली म्हणून तो खांबावर चढला. वरून त्याने विचारलं, लाइन बंद हाय ना? खटका पाडायचा तर डीपीच्या पेटीपर्यंत चार शेतं तुडवत जायचं...

"म्या बसल्या जागेवरून हाव, बंद हाय म्हणलो, पोरी. त्यो ह्याच तारेला चिकटून मेला. आन् गावाला सांगितलं, न विचारता चढला."

चौथ्या दिवशी उज्वला अंगणात बाळाला न्हाऊ घालत होती. शनिवारची सकाळची शाळा, बालाजी घरी नव्हता. गावात आठपासून वीज नव्हती. ओसरीवर अमृतराव बसले होते, शेजारचा रेडिओ बंद होता.

तरी टिकटिक आली...

"मालक, लाइन बंद हाय ना?"

अमृतरावांनी रेडिओपुढे हात जोडले. "न्हाई रे मडिवाळप्पा. चालू हाय. तवाबी चालूच होती."

टिकटिक पुन्हा सुरू झाली, आणि थांबली...

मग अगदी मऊ आवाजात, "आता तुमी या वर, मालक."

उज्वलाच्या मांडीवर ओलं बाळ. तिला फक्त जिन्यावरची पावलं ऐकू आली. बाळाला पदरात गुंडाळून ती वर पोचली, तेव्हा अमृतरावांच्या दोन्ही मुठी त्या तारेवर आवळलेल्या होत्या. काळ्याठिक्कर.

डॉक्टरांनी शॉक लिहिला. करंट कुठून आला, ते कुणालाच लिहिता आलं नाही.

बालाजीने ती तार विहिरीत टाकली. रेडिओ खोक्यात घालून माळ्यावर टाकला, त्याचे सेलसुद्धा काढले.

तरी एखाद्या सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, माळ्यावर टिकटिक सुरू होते. आणि थांबते...

"पोरी, लाइन बंद हाय ना?"

आवाज सासऱ्यांचा असतो.

घरातलं मेन स्विच उज्वलाने स्वतः पाडलेलं असतं. दोनदा जाऊन बघितलेलं असतं.

बाळाचं डोकं छातीशी दाबून ती उभी राहते.

'हाव' म्हणायला तिची जीभ उचलत नाही.