बावीस रिकाम्या कुंड्या

"रिकाम्या कुंडीला मुंग्या कशाला लागतील?" मुंगीने विचारलं, आणि भोंगा असा हसला की काचघराच्या काचा थरथरल्या.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सदानकदा जमिनीला नाक लावून बारीकसारीक न्याहाळायची, म्हणून आतेभावाने ते तिला चिकटवलं होतं. आतेभावाला भोंगा का म्हणत, हे त्याच्या शेजारी दोन मिनिटं उभं राहिलं की कुणालाही कळायचं. मुंगी सुट्टीला आत्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी घरात हा तमाशा!

आतोबांच्या काचघरात फ्रेलिया जातीच्या निवडुंगाच्या बावीस कुंड्या होत्या. दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचा हा निवडुंग कोटाच्या बटणाएवढा, चपटा, तपकिरी. माळीकाकांनी सहा वर्षं खपून तो बियांपासून वाढवला होता. काका आठ दिवस लेकीकडे गेले आणि परत येतात तो सगळ्या कुंड्या रिकाम्या. जाण्याआधी कुणाला देऊन टाकलेत, असं आतोबांनी तोंडावर विचारलं.

"साहेब, एकदा नीट बघा," काका एवढंच म्हणाले.

"बघितलं म्हणूनच विचारतोय."

काकांनी काचघराची किल्ली टेबलावर ठेवली आणि मागच्या खोलीत सामान बांधायला गेले. तीनच्या गाडीने ते कायमचे जाणार होते. मुंगीला भयंकर वाईट वाटत होतं. मागच्या सुट्टीत याच काकांनी तिला ब्रशने काट्यांतली धूळ झाडायला शिकवलं होतं, आणि बोटात काटे गेले तेव्हा न रागावता चिमट्याने एकेक काढून दिले होते.

आता ती कुंडीवर वाकून बघत होती. पांढऱ्या खडीतून एक मुंगी वर आली. तिच्या तोंडात काळी, चकचकीत, होडीसारखी बी होती.

"बी? शक्यच नाही," भोंगा म्हणाला. "एकही फूल उमललेलं मी पाहिलं नाही."

पण काकांनी मुंगीला सांगितलं होतं की हा निवडुंग मोठा घुमा आहे, बहुतेक वेळा कळी न उघडताच आतल्या आत बी धरतो. म्हणजे झाड खालीच असणार. तिने विचारलं, ही खडी कुणी घातली?

भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. पाहुणे निवडुंग बघायला येणार म्हणून बाबांनीच परवा घाईघाईने डबे भरभरून पसरली होती. आणि त्यांचा चष्मा? तो तर त्या दिवशी हरवला होता, आई दिवसभर शोधत होती.

मुंगीने ब्रशने खडी बाजूला सारली. खाली मातीच्या पातळीला, सुकलेल्या चिखलासारखं काहीतरी तपकिरी आणि गोल दिसलं. त्यावर बारीक काटे होते. दुसऱ्या कुंडीतही तेच.

पावणेतीन वाजले होते. भोंगा धावत जाऊन काकांच्या ट्रंकेवर बसला आणि उठायचं नाव घेईना. मुंगी आतोबांना ओढतच घेऊन आली, पण दारातच अडवून म्हणाली, "आधी चष्मा लावा."

आतोबांनी चष्मा लावला. एक कुंडी पाहिली, दुसरी पाहिली, पाचव्या कुंडीपाशी त्यांचा चेहरा पार उतरला. पाण्याशिवाय ठेवलं की हा निवडुंग आक्रसतो आणि स्वतःला मातीत ओढून घेतो, हे काकांनी त्यांना दरवर्षी सांगितलं होतं. त्यांनी दरवर्षी नुसती मान डोलावली होती.

ते स्वतः मागच्या खोलीत गेले. "चूक माझी. झाडं मीच पुरली आणि आळ तुमच्यावर घेतला. माफ करा," ते मुलांसमोर म्हणाले.

काकांनी भोंग्याला ट्रंकेवरून उठवलं, काचघरात आले आणि बावीसही कुंड्या पाहिल्या. आत्याने मुंगीच्या पाठीवर हात फिरवला. पोरीने आज सगळ्यांची लाज राखली, असं ती म्हणाली. तेवढ्यात आतोबा भरपाई म्हणून भरलेली झारी घेऊन आले.

"खाली ठेवा ती," काका म्हणाले. "अजून महिनाभर पाण्याचा थेंब नको."

आतोबांनी झारी मुकाट्याने खाली ठेवली. काकांनी टेबलावरची किल्ली उचलून खिशात घातली आणि मुंगीकडे ब्रश मागितला. उरलेली खडी दोघांनी मिळून काढली.