फेट्याचं दुसरं टोक

"रिकामेच दिसायलाव. हे टोक धरा बरं जरा."

नांदेडच्या त्या सभागृहाच्या दारात चहा शोधत आलेल्या तरुणाच्या हातात अंबिकानं गुलाबी फेट्याचं टोक कोंबलं, तेव्हा त्याचं तोंडसुद्धा तिनं धड पाहिलं नव्हतं. बघायला वेळ कुठं होता? एका सेवाभावी संस्थेनं गावोगावच्या स्वयंसेवकांचा आणि मदतीला धावणाऱ्यांचा सत्कार ठेवला होता. सत्कारमूर्ती रांगेत येऊन बसले होते, आणि टोक धरणारी तिची मावसबहीण पुनम लातूरलाच गाडी चुकवून बसली होती. एवढा लांबलचक फेटा एकटीनं बांधायचा म्हणजे एका हातानं टाळी वाजवायची.

"असं ढिलं न्हाई. ताणून धरा. मी गुंडाळत जाईन तसं पुढं पुढं या."

तो आला. एकेका वेढ्यासरशी जवळ जवळ येत गेला. शेवटच्या वेढ्याला तर इतका जवळ, की त्याच्या शर्टाला लागलेल्या पावसाचा ओला वास तिला आला. तिनं टोक खोचलं, वर पाहिलं — आणि तो तिच्याकडंच पाहत होता. सावळा, हसू कसंबसं आवरून धरलेला.

"पुढचा..." ती घाईनं म्हणाली.

पुढचा झाला, त्याच्या पुढचा झाला. दर वेळी तो लांब जायचा आणि दर वेळी जवळ यायचा. मधल्या काही फेट्यांना तिनं एखादा वेढा उगीच सावकाश दिला. आपल्याला ते कळलंच नाही, असं ती म्हणेल. आपण आपलं ऐकून घ्यावं.

"मी अंबिका. नाव काय तुमचं?"

"भुजंग. इस्लापूरचा. जीप हाय माझी. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवतो, फुकट."

"भुजंग नावाचा माणूस साप चावलेल्यांला वाचवायलाय?"

"आजोबाचं नाव ठेवलंय. सापांला अजून सांगितलं न्हाई."

अंबिका खुदकन हसली. फेट्याखालचे म्हातारबुवा कुरकुरले, "पोरी, डोकं माझं हाय. ध्यान तिकडं कामून?"

ती लाजून वेढा सारखा करायला लागली. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "घरी चालतं तुमच्या... हे काम?"

तिचा हात थबकला. आला का हाही त्याच वळणावर? देवणीत तिच्या वडिलांचं, सुदामरावांचं, फेट्यात मोठं नाव होतं. त्यांचा हात लुळा पडला आणि तिनं काम उचललं. घर तर चाललंच, पण तिला ते काम जिवापाड आवडायला लागलं. मग बिलोलीचं जमत आलेलं स्थळ एवढ्यावरून फिसकटलं, की पोरगी परक्या पुरुषांच्या डोक्याला हात लावते. त्या घरचे काम सोड म्हणाले, ती नाही म्हणाली. तेव्हापासून वडील चिंतेनं अर्धे झाले होते. आता हाही तसलाच निघाला तर? तो आवडायला लागला होता हो तिला, म्हणून तर भीती वाटली.

"कामून? तुम्हाला न्हाई चालत?"

"माझं काय घेऊन बसलाव? मलाच कुणी चालवून घेईना. मागं पोरगी बघायला गेलो. पोहे समोर, पोरगी समोर, अन् फोन आला. उठलो अन् गेलो. परत आलो ते दुसऱ्या दिवशी."

"मग?"

"मग काय... पोहे बी निवले अन् सोयरीक बी."

रांग संपली तेव्हा तो स्वतःच खुर्चीवर येऊन बसला.

"तुम्ही बी सत्कारमूर्ती? अन् मघापासून टोक धरून राहिलाव?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

दाराशी बसलेली त्याची आई, पंचफुलाबाई, गुडघ्यावर हात टेकत उठली. "आण गं इकडं, मी धरते."

अंबिकाची बोटं त्याच्या कपाळाला लागली. त्यानं डोळे मिटले.

"डोकं हलवू नका."

"डोकं न्हाई हलत," तो आईला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "छातीत हलायलंय काहीतरी."

तेवढ्यात फोन वाजला. मुदखेडच्या पल्याड शेतातल्या एका आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर, बाईला साप चावला होता आणि गाडी मिळत नव्हती. तो उभाच राहिला. अंबिकानं उरलेले वेढे भराभर देऊन टोक घट्ट खोचलं.

"आता सुटणार न्हाई. जावा."

दारात तो वळला. "मी येईस्तोवर... थांबताल?"

"चारची गाडी हाय माझी."

तो गेला. आणि अंबिकाला वाटलं, जळो ही जीभ.

कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक हणमंतराव सरांनी भुजंगचं नाव पुकारलं. पंचफुलाबाई अंबिकाला म्हणाली, "त्या पायऱ्या माझ्यानं होत न्हाईत. तू जा."

"मी? मी कोण म्हणून जाऊ, मावशी?"

"ते तू बघ," म्हातारी म्हणाली आणि पदर सावरून बसली.

अंबिका वर गेली. हणमंतराव सर शिस्तीचे, नातं जाहीर केल्याशिवाय त्यांच्याकडून शाल पुढं सरकत नसे. "भुजंगरावांच्या वतीनं हा सत्कार स्वीकारत आहेत त्यांच्या... आपण कोण त्यांच्या?"

माइक तिच्या तोंडापुढं आला. समोर तिनंच बांधलेले सगळे फेटे तिच्याकडं बघत होते.

"अजून कुणी न्हाई," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "ते एका बाईचा जीव वाचवायला गेलेत. आले की विचारणार हाय मी त्यांना."

आधी बायका हसल्या, आणि पाठोपाठ टाळ्यांनी सभागृह भरून गेलं.

दिवस कलला तेव्हा तो आला. बाहेर भुरभुर लागली होती. खुर्च्या रचणं चाललं होतं आणि पंचफुलाबाईशेजारी अंबिका आपल्या पेटीवर बसली होती.

"वाचली बाई," तो म्हणाला. मग अडखळला. "चारची गाडी...?"

"गेली." तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आधी एक ऐका. मी लग्नानंतर बी फेटे बांधणार. समद्यांचे."

"बांधा की."

"लोक बोलतील."

"जो लई बोलंल त्याच्या डोक्याला आधी बांधा." तो हसला आणि एकदम गंभीर झाला. "पण अंबिकाबाई, मी भरल्या ताटावरून उठून जाणारा माणूस हाय."

"जावा. मी ताट झाकून ठेवीन."

भुजंगनं डोक्यावरचा फेटा चाचपला. टोक अजून घट्ट होतं.

"झालं ना बोलून?" पंचफुलाबाई म्हणाली. "आता तिच्या बापाला फोन करू दे. घोर लागला असंल त्या माणसाला."

अंबिकानं फोन लावला. पलीकडून सुदामरावांचा काळजीचा आवाज आला, "गाडी चुकली का गं?"

"न्हाई बापू," ती म्हणाली. "मीच सोडली."