परत गोठवलेली कुपी

ती फ्रीझरपाशी पोहोचली, तर आत आधीच एक हात होता. आणि त्या हातात तिची कुपी.

"ही तुमची का?" शेजारच्या प्रयोगशाळेतला नवा संशोधक म्हणाला. उंची अशी, की सगळे त्याला शिडीच म्हणत. "चुकून माझी समजून बाहेर काढली होती. पण काळजी नको... वितळल्यावर लक्षात आलं, लगेच परत गोठवली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुपीत लेंटिव्हायरसचे कण होते. पेशीत शिरायचं, माणसाचं एक जनुक पोहोचवायचं, संपलं. कुरियरवालेच म्हणा ना. जनुकाला हिरवी चमकणारी शेपूट जोडलेली. पेशी चमकली की समजायचं, पार्सल मिळालं. पण जात भलती नाजूक. वितळवून पुन्हा गोठवले, की बरेचसे तिथेच राम म्हणतात.

"शेवटची होती ती!" ती कडाडली. "शुक्रवारी मॅडमना चमकणाऱ्या पेशी दाखवल्या नाहीत, तर माझा प्रकल्प दुसऱ्याला जाणार. आणि तुम्ही त्या कुपीचं आइस्क्रीम केलंत!"

"मी... वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस आहे हो."

"अक्कलही अशीच ठेवलीय वाटतं, जपून!"

एवढं ऐकूनही तो गेला नाही. हा तर उद्धटपणाचा कळसच.

"पेशींच्या ताटलीत कण टाकून ती सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवूया?" तो म्हणाला. "खाली दाबले जातील. उरलेत ते तरी चिकटतील."

"म्हणजे अर्धमेल्या कुरियरवाल्यांना चक्रीपाळण्यात बसवायचं?"

"आणि दारावर नेऊन आपटायचं," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आलं. त्याचाही तिला राग आला.

ताटली फिरवली. मग तो रोज येऊ लागला—पेशींची विचारपूस करायला. बघायचा मात्र तिच्याकडे.

"पेशी बऱ्या आहेत," ती तुटकपणे सांगे.

"आणि तुम्ही?"

"संतापलेली आहे."

"छान. म्हणजे प्रकृती ठीक."

शुक्रवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत दोघं खांद्याला खांदा लावून बसले. भिंगाखाली काळोख. नुसता काळोख... मग कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. शेजारी आणखी दोन! तिने त्याची बाही घट्ट धरली. सोडायची राहूनच गेली.

मॅडमनी बघितलं. "थोड्याच आहेत," त्या म्हणाल्या, "पण आहेत. प्रकल्प तुझाच. चालू दे."

मॅडम गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "आता तरी राग गेला?"

"मुळीच नाही."

"मग रागातच ऐका... मला तुम्ही आवडता."

"हे आत्ता सांगायचं? मी चिडलेली असताना?"

"तुम्ही न चिडलेल्या कधी सापडलाच नाहीत!"

काय हा धडधडीत अन्याय! तिने त्याला झापायला तोंड उघडलं, "हे बघ—"

ती थबकली. 'बघा' म्हणायचं होतं.

त्याचे कान लाल झाले. "काय म्हणालात?"

"ऐकलंस ते!" ती फणकारली.